नवा की वापरलेला

२ फेब्रुवारी

विहाराच्या सभेत आज मी नको तितकं बोललो. बोललो ते बोललो, आता निस्तरायला हवं.

टेकडीवरच्या आमच्या बुद्धविहाराला येत्या बुद्धपौर्णिमेला पन्नास वर्षं होतात. हे विहार बायकांनी बांधलं असं घाटकोपरभर सांगतात, आणि ते खरं आहे. पुरुष गिरणीत, गोदीत, कारखान्यात. बायका संध्याकाळी कामावरून परतल्या की खालच्या रस्त्यावरून एकेक घमेलं वाळू डोक्यावर घेऊन टेकडी चढायच्या. त्यातल्या अकराजणी आज हयात आहेत. त्यांचे मोठे फोटो विहाराच्या भिंतीवर लावायचं समितीने ठरवलं आणि काम अर्थातच मिथुनकडे निघालं होतं. मिथुन माझा पुतण्या, मुलुंडला लग्नाचे फोटो काढतो, धंदा चांगला चालतो. तो म्हणाला, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावू, मागे पडदा सोडू, छत्र्यांचे दिवे लावू, अर्ध्या दिवसात उरकेल.

मी उठलो. म्हणालो, तुझ्या छत्रीखाली बसल्या की या बायका पासपोर्टच्या फोटोसारख्या दिसतील. मी काढतो. घरोघरी जाऊन, दिवे न लावता, कोणाला हस म्हणून न सांगता. आणि रंग खरे येतील. अंधेरीच्या छापखान्यात मी उभी हयात बिस्किटांच्या पुड्यांचे रंग जुळवले. माझी सही झाल्याशिवाय मशीन सुटत नव्हतं. नजर म्हणजे काय ते या टेकडीवर मला कोणी शिकवू नये.

टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी हळूच पाचर मारली: एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फोटो समितीला दाखवा, नाही जमलं तर मिथुन आहेच.

घरी आल्यावर दर्शनाने एवढंच विचारलं की सुंदराबाईंना विचारलंत का. सुंदराबाई त्या अकराजणींत सगळ्यांत थोरल्या आणि सगळ्यांत हट्टी. नाही विचारलं. बायकोला नेमकं तेच कसं सुचतं कोण जाणे.

५ फेब्रुवारी

सुंदराबाईंकडे जाऊन आलो. चहा दिला, माझ्या आईची आठवण काढली, आणि फोटोचं नाव काढताच दाराकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "शिवा, माझ्या वयाच्या बाईचा फोटो मोठा करत्यात तो एकाच कामासाठी. फोटो आला की मागनं हार येतो."

बाकी दहाजणी तयार आहेत. पण सुंदराबाईंशिवाय ती भिंत म्हणजे मीठ नसलेलं कालवण.

माझ्याजवळचा मोठा कॅमेरा नको, हे मात्र आज पक्कं झालं. तो तोंडापुढे धरला की माझं तोंड दिसेनासं होतं आणि समोरची बाई पदर सावरून दगड होते. मला रेंजफाइंडर हवा. लहानसा असतो, आवाज करतो तोही चुटकी वाजवल्याइतका. बघायची खिडकी मध्ये नसून कोपऱ्यात असते, त्यामुळे माझा अर्धा चेहरा समोरच्याला दिसत राहतो आणि बोलणं चालू राहतं. त्या खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो. त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं. भिंगावरची कडी फिरवत जायची, दोनाचं एक झालं की फोकस बसला. आपोआप काही होत नाही, सगळं डोळ्यावर. म्हणून तर मला तो हवा. छापखान्यात असल्यापासून मनात होता.

९ फेब्रुवारी

आता पेच असा. नवा घ्यावा की वापरलेला?

नव्याची किंमत इथे लिहीत नाही, ही वही दर्शनाच्या हाती लागू शकते. निवृत्तीच्या रकमेला मोठं भगदाड पडेल एवढं पुरे. वापरलेला केतनभाईंकडे आहे, स्टेशनच्या पूर्वेला त्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. तोही डिजिटलच, नवा बनवते त्याच जर्मन कंपनीचा, पण दोन पिढ्या मागचा. कोपऱ्यांवरचा काळा रंग झिजून पितळ दिसायला लागलंय. केतनभाई म्हणतात, पितळ दिसणं म्हणजे कोणीतरी प्रेमाने वापरलाय. मी म्हटलं, कोणीतरी आपटलाय असंही असू शकतं.

मिथुनला विचारलं. तो म्हणाला, काका, फोनवर काढा ना यार, झकास येतात. दर्शनाने विचारलं, वापरलेल्यात कमी काय असतं. मी अर्धा तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला एकदा बघू द्या त्या खिडकीतून. म्हटलं, आणला की दाखवीन. तिला कॅमेऱ्यात काही रस नाही, माझं मन राखायला म्हणते बिचारी.

१२ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. विहारात वंदनेला गेलो. दर्शनाच्या पांढऱ्या साडीला हल्ली साईसारखा पिवळटपणा आलाय. घरी आल्यावर म्हटलं, नीळ घालायची सोडलीस का? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, साडी नवी आहे. नवी असेल तर दुकानदाराने फसवलं. रंगाच्या बाबतीत मी माघार घेत नाही.

चंद्र धड दिसला नाही. पलीकडे टॉवरचं काम चालू आहे, त्या धुळीने एकाला एक चिकटलेले दोन चंद्र दिसतात. रस्त्यावरचे नवे दिवेही महापालिकेने कसले बसवलेत, प्रत्येकाभोवती कडं.

१६ फेब्रुवारी

केतनभाईंनी कॅमेरा वापरून बघायला दिला. पसंत पडेपर्यंत ठेवा म्हणाले, असा दुकानदार विरळा. सकाळीच कमलबाईंकडे गेलो, अकराजणींपैकी दुसऱ्या. त्या लसूण सोलत बसल्या होत्या, खिडकीतून उजेड येत होता, बोलता बोलता मी फोटो काढत गेलो. त्यांना कळलंही नाही. हाच तो कॅमेरा, असं मनात म्हणत टेकडी उतरलो.

घरी येऊन पडद्यावर मोठे करून पाहिले. एकही फोकसमध्ये नाही. लसूण धड आहे, मागचं कॅलेंडर धड आहे, कमलबाई तेवढ्या धुक्यात.

मला शंका आलीच होती. मधल्या चौकोनात दोनाचं एक होतच नाही. झालं झालं म्हणावं तोच कडेला तिसरी कमलबाई. यंत्राचं आतलं काहीतरी हललंय. आपटलेलाच आहे हा.

१८ फेब्रुवारी

केतनभाईंना चांगलं सुनावलं. त्यांनी शांतपणे कॅमेरा डोळ्याला लावला, समोरच्या मेडिकलच्या पाटीवर रोखला, म्हणाले, "साहेब, ओके आहे हा." मी म्हटलं, तुम्ही विकणारे, तुम्हाला ओकेच दिसणार. तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी तो जुळवणीला पाठवला. भला माणूस आहे, पण माल कसला विकतो हे त्यालाच कळत नाही.

२३ फेब्रुवारी

जुळवून आला. तसाच.

आज शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात दर्शनाला उभं केलं, कॅमेऱ्यापासून तिच्या नाकापर्यंत टेप लावून अंतर मोजलं, भिंगावरच्या आकड्यांवर तेवढंच अंतर लावलं आणि चौकोनाकडे न बघता फोटो काढला. पापणीचा केस न् केस स्वच्छ. म्हणजे भिंग चांगलं, आतला सेन्सर चांगला, खोट फक्त खिडकीत. तिच्या काचेवर आतून बुरशी आली असणार. गुन्हेगार सापडला.

दर्शना म्हणाली, मला बघू द्या ना जरा. पण त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि राहून गेलं.

निकाल लागला. वापरलेली वस्तू नको, नवाच घ्यायचा.

१ मार्च

अंधेरीला शोरूममध्ये गेलो. काचेच्या कपाटातून एका मुलीने पांढरे हातमोजे घालून नवा कॅमेरा काढला. मी डोळ्याला लावला. तिचं नाव मानसी असं छातीवर लिहिलेलं होतं. चौकोनात एक मानसी, दुसरी मानसी, कडी फिरवली, जवळजवळ एक झाल्या, आणि पुन्हा कडेला पुसटशी तिसरी.

म्हणजे कारखान्यातून कोरा येतो तोही असाच. मी तिला म्हटलं, पूर्वी असं नव्हतं, हल्ली कुठेच लक्ष देऊन काम होत नाही. तिने अदबीने मान डोलावली आणि स्वतः खिडकीतून बघितलं. काही बोलली नाही. त्या नम्र पोरीला कंपनीविरुद्ध बोलता येणार नाही, हे मी समजू शकतो.

येताना मुलुंडला मिथुनकडे थांबलो. त्याच्या एका लग्नाच्या अल्बमचे रंग मी गेल्या महिन्यात हौसेने जुळवून दिले होते. तो चाचरत म्हणाला, काका, गिऱ्हाईक म्हणतंय नवरी निळी दिसते. निळी! मी अल्बम उजेडात नेऊन पाहिला, दुधासारखा पांढरा शालू. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या पडद्यावरचे रंग आधी तपासून घे.

६ मार्च

आजचा दिवस लिहू नये असा, पण लिहायला हवा.

सुंदराबाई कशाबशा तयार झाल्या होत्या. दर्शनाने काय सांगून पटवलं ठाऊक नाही. दारात खुर्ची टाकून बसल्या, नऊवारी पांढरी साडी, हात मांडीवर. मी कडी इकडे फिरवली, तिकडे फिरवली, पुढे सरलो, मागे सरलो. एका सुंदराबाईंच्या तीन होत होत्या. त्यांना ऊन लागायला लागलं. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "राहू दे शिवा. तुला बी जमंना आणि मला बी हौस न्हाई." आत गेल्या. काढलेले सगळे फोटो धुक्यातले. बाजूच्या घरातून दोन समितीवाले बघत होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत टेकडीभर झालं असणार.

घरी येऊन कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि दर्शनाला म्हटलं, मिथुनला फोन लाव, सांग तुझं तू कर. इतक्या लोकांपुढे छाती ठोकून बोललो होतो, आता विहाराची पायरी चढायची कशी?

तिने फोन लावला नाही. हात पदराला पुसून कॅमेरा उचलला, माझ्यावर रोखला, म्हणाली, "यात तुम्ही दोन दिसताय."

"दिसणारच. कडी फिरव."

तिने फिरवली. जरा पुढे, जरा मागे. "झाला एक."

"तिसरा नाही दिसत? कडेला, पुसट?"

"नाही हो. एकच आहात. कपाळावर आठी आहे तीसुद्धा दिसतेय." चुटकी वाजवल्यासारखा आवाज झाला.

पडद्यावर बघितलं. मी. ओट्याला टेकलेला, हरलेला, आणि पापणीन् पापणी स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरलेल्या बाईने काढलेला.

मी पुन्हा खिडकीतून पाहिलं. दर्शना तीन. मग कॅमेरा खाली ठेवून नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिलं. कॅमेरा नव्हता, चौकोन नव्हता, तरी तिच्या कडेला पुसटशी दुसरी दर्शना होतीच. मग ती हळूच म्हणाली, "साडी नवीच होती."

८ मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, दिव्यांभोवती कडी दिसतात का? रंग पिवळट दिसतात? चंद्र दोन? मी नुसता हो म्हणत होतो आणि दर्शना प्रत्येक हो ला माझ्याकडे बघत होती. महापालिका, टॉवरवाले, केतनभाई, जर्मनी, सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. मी पिवळ्या काचेतून बघत होतो आणि तो पिवळेपणा घालवायला जगाला निळं करत होतो. त्या नवरीचं काय झालं असेल!

आतलं भिंग काढून दुसरं बसवतात म्हणे. मी विचारलं, नवं की वापरलेलं? डॉक्टरीण हसली, म्हणाली, आजोबा, हे मात्र नवंच घ्या. आजोबा म्हणाली तेवढं आवडलं नाही.

भीती वाटते. ज्या डोळ्यावर उभा जन्म काढला तोच कोणीतरी उघडणार आहे.

२१ मार्च

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पोट कसं आहे विचारतात तितक्या सहज उरकलं त्यांनी. दर्शना बाहेर बसून होती, आत जाताना तिने हात दाबला त्याची ऊब आत टेबलावरही होती.

आज पट्टी काढली. समोर भिंत होती. दवाखान्याची साधी, चुन्यासारखी भिंत. मी तिच्याकडे बघतच राहिलो. पांढरा. इतका पांढरा रंग मी किती वर्षांत पाहिला नव्हता कोण जाणे. डावा डोळा झाकला की पांढरा, उजवा झाकला की चहा सांडलेला कागद. चार वेळा करून पाहिलं, नर्सबाई हसायला लागल्या. मग दर्शना दिसली. केसांत केवढा रुपेरी आलाय. आणि ती एकच होती. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं, पण आतून आलं त्याला काय करणार.

घरी येऊन आधी मिथुनचा अल्बम मागवला. नवरी खरंच निळी आहे. भटजीसुद्धा निळा आहे. मी इतका हसलो की दर्शना धावत आली. मिथुनला फोन करून सांगितलं, अंगण सरळ होतं रे बाबा, सगळा अल्बम पुन्हा करून देतो. तो म्हणाला, काका, डोळा सांभाळा आधी.

केतनभाईंनाही फोन केला. म्हटलं, ओके आहे तुमचा कॅमेरा, मीच घेतो. त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही.

२ एप्रिल

धूळ नको, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. घरात बसून कंटाळलो. कॅमेरा कपाटात पडून आहे. दर्शना दुपारभर सुंदराबाईंकडे असते, त्यांना पापड लाटू लागते म्हणे. रोज कसले पापड लाटतात? टेकडीवर वखार उघडणार आहेत बहुतेक.

आज सहज कॅमेरा चालू केला तर बॅटरी रिकामी. परवाच पूर्ण भरली होती. वापरलेल्या वस्तूचं हेच असतं, बसल्या बसल्या जीव सोडते. नवी बॅटरी मागवायला हवी.

६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. तडक कमलबाईंकडे. या वेळी त्या हरभरे निवडत होत्या. चौकोनात दोन कमलबाई, कडी फिरवली, एक. बस्स, एक. ती दोनाची एक होते ना, तेव्हा आतून काहीतरी खटकन जागेवर बसतं. पोटात गार वाटतं. पंधरा मिनिटांत उठलो. घरी येऊन बघितलं, निवडणारी बोटं आणि डोळ्यांतली मिश्किली, दोन्ही धारदार. पदर पांढरा, खराखुरा पांढरा, त्यावर उन्हाची किंचित पिवळी तिरीप, जेवढी होती तेवढीच.

मी एकटाच मोठ्याने जय भीम म्हणालो. शेजारच्यांनी खिडकीतून उलट जय भीम घातला.

२० एप्रिल

जयंतीच्या गडबडीत लिहायला फुरसत नव्हती. दहाजणी झाल्या. एक भांडी घासताना, एक नातवाला ओरडताना, एक नुसती छताकडे बघत असलेली. एकही वाईट नाही. स्वतःची पाठ थोपटायला हात मागे पोचत नाही म्हणून, नाहीतर थोपटली असती.

अकराव्या सुंदराबाई. परवा पुन्हा गेलो. म्हणाल्या, तुझा डोळा बरा झाला, आनंद हाय, पण मी न्हाई बसणार. एक दुपार फुकट घालवलीस माझी. दर्शनाला म्हटलं, तू एवढी जातेस, तू सांग ना. ती म्हणाली, बघते.

बॅटरी पुन्हा उतरलेली. नवी घालूनही. केतनभाईंना आता काही बोलणार नाही, एकदा तोंड पोळलंय.

२७ एप्रिल

आज समिती. दहा फोटो टेबलावर मांडले. अध्यक्षांनी एकेक उचलून उजेडात धरला. मिथुन माझ्या मागे उभा होता. त्याने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, वाट लागली माझ्या छत्र्यांची. मग अध्यक्षांनी मोजले. दहाच? सुंदराबाई कुठे? त्यांच्याशिवाय लावायचं म्हणजे घमेलं अर्ध्यावर टाकल्यासारखं होईल.

मी मान खाली घातली. तेव्हा दर्शना उठली. ती सभेत कधी बोलत नाही. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला आणि दहांच्या शेजारी ठेवला.

सुंदराबाई विहाराच्या पायरीवर बसल्यात. दोन्ही हात डोक्यावर, बोटं अशी वाकवलेली की त्यांत घमेलं असावं. पण तिथे काही नाही, नुसती हवा. बाई खदाखदा हसतायत, दात एकही नाही. आम्ही कसं न्यायचो ते दाखवतायत कोणालातरी. डोळे असे धारदार की त्यांत समोर बसलेली बाई दिसेल. एक हात किंचित हललेला आहे. तो हलला म्हणूनच वजन आहे त्यात.

मी फोटो हातात घेतला. हा मला मरेपर्यंत जमला नसता. खरं लिहायचं तर आधी काळजात कळ उठली, मग माझ्या मूर्खपणाचं हसू आलं, आणि मग इतका अभिमान वाटला की फोटो खाली ठेववेना. पापड. बॅटरी. दुसऱ्यांदा मी अंगणालाच वाकडं म्हटलं होतं.

घरी येताना तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

१२ मे

बुद्धपौर्णिमा.

विहार पांढऱ्या साड्यांनी भरून गेलं होतं आणि मी एकेक पांढरा वेगळा बघत होतो. निळीचा, धुतलेला, कोरा, उन्हात वाळलेला. भिंतीवर अकरा बायका, माणसापेक्षा मोठ्या.

ऐन वेळी घोटाळा होणार होता. मिथुनने मनापासून, स्वतःच्या खर्चाने, झेंडूचे अकरा हार आणले आणि शिडीवर चढून फोटोंना घालायला लागला. पहिला कमलबाईंच्या फोटोला पडला आणि सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेत सुंदराबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला जमीन दुभंगावीशी वाटली. फोटो आला की मागनं हार येतो.

दर्शना शिडीपर्यंत गेली. मिथुनला म्हणाली, "उतर रे. हार जिवंत माणसाच्या गळ्यात घालतात." कमलबाईंच्या फोटोवरचा हार काढला, बाकीचे मिथुनच्या हातून घेतले, आणि पहिला सुंदराबाईंच्या गळ्यात घातला. मग कमलबाईंच्या. मग एकेक. अकराजणी हार घालून उभ्या राहिल्या आणि मागे भिंतीवर त्याच अकराजणी बिनहाराच्या. ‘साधु, साधु, साधु’ अशा साधुकाराने छत दणाणलं. मिथुन शिडीच्या पायथ्याशी टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात.

सुंदराबाई आपल्या फोटोसमोर पुष्कळ वेळ उभ्या होत्या. पाहुण्यांनी विचारलं, फोटो कोणी काढला. त्यांनी दर्शनाचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हिनं. हिला जड न्हाई गेलं मला उचलायला."

परत येताना टेकडीवर थांबून डावा डोळा मिटला आणि वर पाहिलं. चंद्र एकच होता, काठ कातरल्यासारखा स्वच्छ. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

घरी येऊन कपाट उघडलं तर कॅमेरा नाही. दर्शनाने तो चार्जिंगला लावून उशाशी ठेवला होता. रविवारी कमलबाईंच्या पणतीचं बारसं आहे, तिला बोलावलंय फोटो काढायला, मला नुसतं जेवायला. म्हटलं, कॅमेरा माझा आहे. म्हणाली, आता तो दुसऱ्यांदा वापरलेला झाला, तुम्हाला वापरलेला नकोच होता ना?

तेव्हा उद्या केतनभाईंकडे जायचं आहे. नवा घ्यावा की वापरलेला, ते अजून ठरलेलं नाही. दर्शनाही येणार आहे. खिडकीतून आधी ती बघणार, मग मी.